अल ऐनचा संच: हिरवा झाला, लाल झाला, जांभळा चालू आहे

मंडळी, अल ऐन या संयुक्त अरब अमिरातीतल्या फुटबॉल क्लबच्या छोट्या पुतळ्यांच्या संचाचं काम कुठवर आलं ते सांगतो. हिरवे-पांढरे पुतळे वाळून डब्यात गेलेत. लाल संचाला वॉर्निशचा शेवटचा हात तेवढा राहिलाय. जांभळ्याने मात्र जीव खाल्लाय.

अल ऐन करायचा म्हटलं की बहुतेक जण थेट जांभळी बाटली उघडतात. मला ते पटत नाही, कारण सुरुवातीची नऊ वर्षं या क्लबचा जांभळ्याशी काही संबंधच नव्हता. क्लब १९६८ चा. संयुक्त अरब अमिराती स्थापन झाली डिसेंबर १९७१ मध्ये, म्हणजे क्लब देशापेक्षा तीन वर्षांनी मोठा. ओमानच्या सीमेला, बुरैमीला खेटून असलेल्या या खजुराच्या बागांच्या गावात स्थानिक पोरं, शिकायला आलेले काही बहारिनी विद्यार्थी आणि नोकरीनिमित्त राहणारे सुदानी लोक यांनी मिळून तो काढला. तेव्हाचा रंग हिरवा-पांढरा. हे पुतळे मी मुद्दाम साधे ठेवलेत. जर्सीवर आकडे नाहीत, पायाखाली हिरवळीऐवजी चाळलेली बारीक वाळू चिकटवली आहे.

१९७४ मध्ये अल तदामुन हा गावातलाच क्लब यात विलीन झाला आणि जर्सी लाल झाली. हा लाल काळ सगळे वगळतात. खरं तर १९७६-७७ ची लीग, क्लबची पहिलीवहिली, याच रंगात जिंकलेली आहे. आणि लगेच पुढच्या हंगामात तो रंग सोडून दिला! मोरोक्कोतल्या एका मैत्रीपूर्ण स्पर्धेत बेल्जियमच्या अँडरलेख्तची जांभळी जर्सी क्लबच्या कारभाऱ्यांना भावली आणि १९७७-७८ पासून तीच कायम झाली. आपल्याकडे मॅच जिंकून दिलेला शर्ट लोक धुवायला टाकत नाहीत, इथे तर अख्खा रंगच बदलला. म्हणून माझ्या संचात लाल पुतळ्यांना पुढची रांग मिळणार.

आता जांभळ्याचं दुखणं. तयार बाटलीतला रंग वाळला की वांग्यासारखा काळपट दिसतो, विशेषतः करड्या प्रायमरवर (रंगाआधी देतात त्या अस्तरावर). सध्या पांढऱ्या प्रायमरवर अल्ट्रामरीन निळा आणि मॅजेंटा मिसळून काम चाललंय, त्यात पांढऱ्याचा अगदी थेंब. हात पातळच द्यायचे आणि प्रत्येक हात पूर्ण वाळू द्यायचा, नाहीतर जर्सीच्या चुण्या बुजतात. शेवटी चुण्यांच्या खोबणीत पाणीदार निळा सोडला की कापड अंगावर असल्यासारखं वाटतं. मिश्रण एकदाच जास्त करून झाकणाच्या डबीत ठेवा, कारण दुसऱ्यांदा तीच छटा जमणं मुश्कील. आणि रंग जुळला की नाही हे ट्यूबलाइटखाली ठरवू नका, खिडकीपाशी नेऊन बघा.

जांभळ्यातला पहिला गट २००३ चा. आशियाई चॅम्पियन्स लीग या नावाने झालेली पहिलीच स्पर्धा, आणि प्रशिक्षक ब्रुनो मेत्सू. २००२ च्या विश्वचषकात सेनेगलला उपांत्यपूर्व फेरीत नेणारे तेच. उपांत्य फेरीत चीनच्या दालियानविरुद्ध दोन लढतींचा मिळून हिशेब ७-६! अंतिम फेरीत थायलंडच्या बीईसी तेरोला घरी २-० हरवलं, बँकॉकला ०-१ गमावलं, चषक आपला. हे यश लोक २०२४ च्या आशियाई विजेतेपदाच्या झगमगाटात विसरतात, ते मला खटकतं.

मग अमूरी, म्हणजे ओमर अब्दुलरहमान. २०१६ चा आशियातला सर्वोत्तम खेळाडू. त्याच वर्षी चॅम्पियन्स लीगच्या अंतिम फेरीत दक्षिण कोरियाच्या जेओनबुककडून ३-२ असा एकूण पराभव झाला, घरच्या मैदानावर आपल्या डग्लसची पेनल्टीही वाया गेली. अमूरीचा पुतळा म्हणजे निम्मं काम केसांचं. एम-सीलची गोळी डोक्यावर बसवली, घट्ट व्हायला लागली तशी ओल्या सुईने टोचत गेलो. सुई ओली नसेल तर सगळी टोपी सुईबरोबर उचलून येते. कुरळेपणा छान उठलाय, काळ्यावर हलका तपकिरी कोरडा ब्रश फिरवला की झालं. त्याच्या शेजारी घानाचा असामोआ ग्यान, २०१४ च्या चॅम्पियन्स लीगमध्ये १२ गोल.

गंमत म्हणजे २०१८ च्या क्लब विश्वचषकाच्या गटात अमूरी नाही, तो त्याच वर्षी सौदीच्या अल हिलाल क्लबला गेला होता. यजमान देशाचा विजेता म्हणून आत आलेला अल ऐन न्यूझीलंडच्या टीम वेलिंग्टनविरुद्ध ०-३ पिछाडीवर होता, तिथून ३-३ आणि पेनल्टींवर सुटका. मग ट्युनिशियाच्या एस्पेरान्सला ३-०. मग अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटशी २-२ आणि शूटआउटमध्ये ५-४, शेवटची पेनल्टी खालिद ईसाने अडवली. अंतिम सामन्यात रिआल माद्रिदने ४-१ असं गुंडाळलं. मला विचाराल तर क्लबची सर्वांत मोठी रात्र रिव्हर प्लेटचीच.

२०२४ चा गट अजून प्रायमरवरच आहे. प्रशिक्षक हर्नान क्रेस्पोचा चॅम्पियन्स लीग जिंकणारा संघ, १३ गोल करणारा सुफियान रहिमी. उपांत्य फेरीत अल हिलालला ४-२ हरवून त्यांची सलग ३४ विजयांची मालिका तोडली, त्यात रहिमीची हॅटट्रिक. याच स्पर्धेच्या गटसाखळीत अल हिलालने मुंबई सिटीला रियाधमध्ये ६-० आणि नवी मुंबईत २-० असं हरवलं होतं, त्यामुळे तो निकाल पाहून आपल्यातल्या बऱ्याच जणांना गारवा वाटला असेल. अंतिम फेरीत योकोहामात १-२, घरी ५-१.

क्लबच्या चिन्हात अल जाहिली किल्ला आहे. एवढ्याशा छातीवर तो रंगवायचा नाद मी सोडलाय, सगळ्यांच्या वतीने एकदाच मुख्य पाटावर येईल. त्यामागे हज्जा बिन झायेद स्टेडियमची एक भिंत उभी करायची आहे, खजुराच्या खोडावरून सुचलेली ती तिरक्या पट्ट्यांची. पुठ्ठा ओलाव्याने वाकतो, फोमबोर्डच्या कडा कापताना फुटतात. दीड मिलिमीटरची प्लॅस्टिक शीट किरकोळीत कुठे मिळते हे कुणाला ठाऊक असेल तर कळवा, तोवर रहिमीचे बूट रंगवून घेतो.