बोटीचं पेट्रोल काट्यावर नका पाहू, तोलून पाहा

छोट्या मोटरबोटीच्या टाकीच्या झाकणाजवळ जो गोल काटा असतो न, त्याच्यावर माझा काडीचा भरोसा नाही. आतमध्ये एक दांडी, तिला फ्लोट म्हणजे तरंगणारा तुकडा, बोट हलली की तो बी हलते, अन् थ्रॉटल दिला की बोटीचं नाक वर, सगळं पेट्रोल मागच्या बाजूला, मग काटा आपल्या मनानं काहीही दाखवते. पाहायचंच असेल तर बोट थांबवून, सगळ्यांना आपापल्या जागी बसवून, पाणी शांत झाल्यावर पाहा. तरी तो अंदाजच.

नागपुरात बोट म्हटली की लोकांना अंबाझरी नाहीतर रामटेकचं खिंडसी आठवते. आम्ही भाच्याची फायबरची बोट आंभोऱ्याकडे नेतो, गोसेखुर्द धरणाच्या बॅकवॉटरमध्ये. तिथं पाणी एवढं पसरलं आहे की किनारा जवळ वाटते पण असत नाही, अन् मधोमध पेट्रोल संपलं तर ढकलत न्यायला ती काही स्प्लेंडर नाही. म्हणून टाकीत किती आहे यापेक्षा तासाला किती जाऊन राहिलं हे माहीत पाहिजे, हे माझं पक्कं मत आहे.

मोटा हिशोब असा, की पेट्रोलचं चार-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागं बाहेरून लावायचं इंजिन) फुल थ्रॉटलवर दर हॉर्सपॉवरला तासाला साधारण 0.38 लिटर पिते. म्हणजे 25 हॉर्सपॉवरचं इंजिन साडेनऊ लिटरच्या आसपास. जुनं कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक त्याच्यापेक्षा जास्त. हळूहळू चाललात तर एकदम कमी. सगळ्यात वाईट म्हणजे मधला वेग, जिथं बोट नाक वर करून पाणी ढकलत राहते पण पाण्यावर उठत नाही. लोकांना वाटते आपण आरामात चाललो, पेट्रोल वाचून राहिलं, अन् किलोमीटरमागे सगळ्यात जास्त तिथंच जाते. एकतर हळू चला, नाहीतर पूर्ण उठवून मग थ्रॉटल थोडा कमी करा.

आता मोजायचं कसं. आमची टाकी 24 लिटरची, बाहेर काढता येते, म्हणून मी बॅग तोलायचा हातातला डिजिटल काटा घेतला, इतवारीत स्वस्तात मिळते. पाइप काढायचा, झाकण अन् व्हेंट (हवा आत जायचं भोक) बंद करायचं, टाकी हँडलला अडकवून तोलायची. मग अर्धा तास एकाच आरपीएमवर बोट चालवायची अन् परत तोलायची. पेट्रोलचं एक लिटर साधारण पाऊण किलोला थोडं कमी भरते. पंपावर रोजची डेन्सिटी लिहिलेली असते, 740-745 असं काहीतरी, म्हणजे लिटरमागे तेवढे ग्रॅम, तोच आकडा घ्यायचा. वजन 3.7 किलोनं घटलं तर 5 लिटर गेलं, म्हणजे तासाला 10. असं दोन-तीन आरपीएमवर करून वहीत लिहून ठेवलं की झालं. भरलेली टाकी तोलताना पंपावरचा पोरगा विचारते, "काका, आमच्यावर भरोसा नाही का?" मी म्हणतो, "तुह्यावर आहे बापा, टाकीच्या काट्यावर नाही." (पंपावर टाकी नेहमी जमिनीवर ठेवूनच भरा, गाडीत ठेवून नाही, स्टॅटिकची ठिणगी पडू शकते.)

बोटीत फिक्स टाकी असेल तर तोलणं जमत नाही, तिथं फ्लो मीटर. लाइनमध्ये एक बारीक टर्बाइन असते, पेट्रोल गेलं की फिरते, पल्स मोजले जातात. तो फिल्टरच्या पुढं, इंजिनच्या बाजूनं बसवा, नाहीतर कचऱ्यानं जाम होईल. अन् बसवला म्हणून लगेच खरा मानू नका, तो किती म्हणते अन् पंपावर परत फुल करायला किती लागलं हे जुळवून कॅलिब्रेट करावं लागते. डिझेल इंजिनला रिटर्न लाइन असते, म्हणून तिथं दोन मीटर लागतात, गेलेल्यातून परत आलेलं वजा. नवीन ईएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरनं पेट्रोल देणारं) इंजिन असेल तर मात्र चैन आहे, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर इंजेक्टरवरूनच खप काढते अन् एनएमईए 2000 या बोटीतल्या उपकरणांना जोडणाऱ्या वायरनं स्क्रीनवर देते.

नवीन गेज घेणाऱ्यांनी एवढं पाहाच. फ्लोट किती वर आहे हे ओहममध्ये गेजला कळवणारा टाकीतला भाग म्हणजे सेंडर. अमेरिकन सेंडर टाकी रिकामी असली की 240 ओहम अन् भरली की 33, युरोपियन नेमका उलटा, रिकामी 10 अन् भरली 180. दोघांची सरमिसळ झाली तर टाकी खाली होत जाईल तसा काटा वर चढेल, ऑनलाइन सुटे पार्ट मागवणाऱ्यांच्या बाबतीत हे होते. बर्डीवर साधा मल्टिमीटर घ्या, फ्लोट हातानं वर-खाली करून ओहम पाहा, पाच मिनिटांचं काम आहे.

आंभोऱ्याकडे आणखी एक भानगड म्हणजे जलपर्णी. आपल्याच शहराची घाण नाग नदीतून कन्हानमध्ये अन् तिथून वैनगंगेत जाते, त्याच्यावर ती फोफावते. पंख्यात गुंडाळली की इंजिन ओरडते, बोट पुढं सरकत नाही अन् पेट्रोल जातच राहते. त्यात मे महिन्यात दुपारनंतर वारा सुटला की परतीचं गणित पार बदलते. म्हणून एक हिस्सा जायला, एक यायला, एक राखीव. 24 च्या टाकीत जायला 8 लिटर, म्हणजे 25 हॉर्सपॉवरनं फुल थ्रॉटलवर 50 मिनिटं, झालं, वळा. बुडाचं लिटर-दीड लिटर पाइपला लागतच नाही, ते राखीवमधूनच वजा होते.

अन् 45 डिग्रीत टाकी गळ्यापर्यंत भरू नका राजेहो. पेट्रोल फुगते, 20 डिग्रीच्या फरकानं 24 लिटरमागे जवळपास अर्धा लिटर. थोडी जागा ठेवा, अन् इंजिन सुरू करायच्या आधी व्हेंट उघडा, नाहीतर टाकी आत ओढल्या जाते, इंजिन बंद पडते अन् लोक म्हणतात पेट्रोल संपलं.

आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, आल्यापासून खप थोडा वाढला, इथेनॉलमध्ये ताकदच कमी असते. ते पाणीही ओढते, अन् जास्त ओढलं की पाणी अन् इथेनॉल वेगळं होऊन बुडाशी बसते, नेमकं जिथून पाइप पेट्रोल घेते तिथं. म्हणून पावसाळ्यात बोट उभी करायच्या आधी आम्ही टाकी खाली करतो. चार-स्ट्रोक असल्यानं ऑइल मिसळलेलं नसते, सरळ भाच्याच्या ॲक्टिव्हात ओततो, त्याचा जूनचा पेट्रोलखर्च तेवढाच कमी होते.