टाकीजवळ पिवळं, शेवटच्या नळाला पांढरं

आमच्या गावची पाणीपुरवठ्याची विहीर ओढ्याकाठी, टाकी शाळेमागच्या टेकाडावर आणि आमची आळी पार खाली, लाईनच्या शेवटाला. म्हणजे पाणी येतं सगळ्यात उशिरा आणि जातं सगळ्यात आधी. मागच्या पावसाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तेव्हा वरच्या आळीत सगळे ठणठणीत होते, आमच्याकडे मात्र घराआड एक जण अंथरुणाला. आशाताईंनी नावं लिहून घेतली, ओआरएसची पाकिटं वाटली, उपकेंद्राला कळवलं.

आरोग्यसेवक लगेच आले, हे कबूल करायला हवं. त्यांनी टाकीखालच्या नळाचं पाणी नळीत घेतलं, ओ.टी.चे (क्लोरीन ओळखायच्या ऑर्थोटोलिडीन रसायनाचे) थेंब टाकले. पाणी फिकट पिवळं झालं. पिवळं झालं म्हणजे क्लोरीन आहे, क्लोरीन आहे म्हणजे पाणी बरं. रजिस्टरवर सही करून ते गाडीला किक मारणार, तेवढ्यात मी गाठलं. मी गावच्या पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर आहे. जलजीवन मिशनच्या वेळी गावातल्या पाच बायकांना पाणी तपासायचं ट्रेनिंग दिलं, त्यातली मी एक. म्हटलं, "दादा, आजारी माणसं टाकीवर राहत नाहीत. आमच्या आळीत चला."

आले बिचारे. शेवटच्या नळाचं पाणी घेतलं, थेंब टाकले, नळी उजेडाला धरली. रंग नाही. अजून दोन थेंब. तरी पांढरंच. नियम असा आहे की लाईनच्या शेवटच्या नळालासुद्धा लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम मोकळा क्लोरीन उरला पाहिजे. टाकीजवळ किती आहे याला तसा अर्थ नाही, कारण पाणी बिघडतं ते वाटेत. पण तपासणी बहुतेक ठिकाणी टाकीजवळच होते. तिथे नळ असतो, सावली असते आणि चिखल नसतो.

मग नमुना. ट्रेनिंगमधल्या किटवर कठीणपणा, नायट्रेट, फ्लोराईड असलं कळतं, जंतूंचं कळत नाही. जंतूंसाठी प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली लागते. ती धुवायची नाही, हे मला आळीतल्या काकींना तीनतीनदा सांगावं लागलं, कारण बाटली दिसली की विसळायची हा आपला हात. आत चिमूटभर औषध घातलेलं असतं, ते पाण्यातला क्लोरीन मारतं. नाहीतर वाटेतच जंतू मरून अहवाल चांगला येईल. नळाचं तोंड पेटत्या बोळ्याने शेकून घेतलं, पाणी थोडा वेळ सोडलं, बाटली भरताना झाकणाच्या आत बोट लागू दिलं नाही, आणि बर्फाच्या डब्यात घालून त्याच दिवशी तालुक्याला धाडली. दुसऱ्या दिवशी पोचलेला नमुना दिला काय आणि नाही दिला काय. सोबत एक एच-टू-एसची बाटलीही मी भरून घरात फडताळावर ठेवली. दूषित पाणी असलं की ती एक-दोन दिवसांत काळी पडते. आमची सकाळी उठून बघते तर शाईसारखी.

प्रयोगशाळेचा अहवाल 'पिण्यास अयोग्य' असाच आला. पण आला कुठे? आरोग्य केंद्रात आला, तिथून पत्रासह ग्रामपंचायतीत गेला आणि फाईलला लागला. मी विचारायला गेले तेव्हा ग्रामसेवक भाऊसाहेब म्हणाले, "अहो, आलाय ना कधीच." कुणाला सांगितलं, तर कुणालाच नाही. तेव्हापासून मी एक शिकले: अहवाल आला का असं विचारायचं नाही, जावक क्रमांक विचारायचा.

आता प्रश्न, टाकीत औषध पडतंय तर खाली पोचत का नाही. आधी टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंग पावडरची, खोली उघडून बघितली. पावडरचं पोतं तोंड उघडं, भिंतीला टेकवलेलं, भिंतीला ओल, पावडरीची ढेकळं झालेली. चांगल्या टीसीएलमध्ये तेहेतीस टक्क्यांच्या आसपास क्लोरीन असतो. हवा-ओल लागली की तो उडून जातो, उरतो नुसता चुना. वीस टक्क्यांच्या खाली गेली की ती पावडर वापरूच नये म्हणतात. हजार लिटरला पाच ग्रॅम या हिशेबाने आमच्या पन्नास हजार लिटरच्या टाकीला पाव किलो लागते, आणि जलसुरक्षक इमानाने पाव किलोच टाकत होता. त्याला तरी काय बोलणार? तुटपुंजं मानधन, तेही थकलेलं, आणि वजनकाटा म्हणून एक प्लॅस्टिकचा मग. पावडरीचाही नमुना तपासायला पाठवता येतो, हे त्यालाच काय, सरपंचांनाही माहीत नव्हतं. पाठवला, नापास झाला, नवीन पोतं आलं. ते आता झाकणाच्या पिंपात, फळीवर असतं.

नवीन पावडरीने टाकीजवळ पाणी गडद पिवळं झालं, आमच्याकडे जेमतेम. म्हणजे वाटेत कुठेतरी घाण आत येत होती.

ती जागा सापडली व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये. चेंबरला लागून गटार, चेंबर गटाराच्या पाण्याने काठोकाठ, आणि व्हॉल्व्ह त्यात बुडालेला. आमच्याकडे पाणी दिवसाला तासभर येतं. पाणी चालू असतं तोवर दाब असतो, गळकं पाणी बाहेर पडतं. बंद झालं की तीच भेग उलटी ओढते आणि गटार लाईनीत. दुसऱ्या दिवशी पहिली कळशी कुणाची? आमची. त्यात मधल्या आळीत नळाला थेट मोटरी लावलेल्या. मोटर सुरू झाली की चालू पाण्यातसुद्धा लाईन आतल्या बाजूला ओढायला लागते.

व्हॉल्व्ह बदलणं सोपं होतं, पैसे पडले की झालं. मोटरी काढणं अवघड, कारण त्यात भावकी आली. मी घरोघर बोलले तर तात्या म्हणाले, "मोटर माझ्या पैशाची, लाईट माझी, तुझ्या का पोटात दुखतंय?" म्हटलं, "तात्या, माझ्याच नाही, आख्ख्या आळीच्या पोटात दुखतंय." हसले, पण मोटर काढली नाही.

शेवटी पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत विषय घ्यायला लावला. अजेंड्यावर आधी लेखी दिलं नाही तर 'आयत्या वेळचे विषय' म्हणून गुंडाळतात, म्हणून अर्ज देऊन पोच घेतली. सभेत मी भाषण केलं नाही. दोन बाटल्या टेबलावर ठेवल्या, एक टाकीजवळची, एक आमच्या नळाची, काळी. बायका उठून बघायला आल्या, बुच उघडू नका म्हणून ओरडावं लागलं. ठराव झाला: नळाला मोटर आढळली तर आधी नोटीस, मग कनेक्शन बंद, रोजची ओ.टी. आलटून-पालटून प्रत्येक लाईनच्या शेवटच्या नळाला. आणि रजिस्टरवर त्या घरातल्या बाईची सही. शेवटचं कलम माझं. सरपंच म्हणाले सही कशाला; मी म्हटलं, खोटी तारीख टाकायची तर निदान सही करायला तरी आमच्या दारात यावं लागेल.

बहुतेक मोटरी निघाल्या. तात्यांचीही निघाली, पण ठरावाने नाही; नातवाला सलाईन लागलं तेव्हा.

पावसाळ्यानंतरच्या स्वच्छता सर्वेक्षणात गावाला पिवळं, म्हणजे मध्यम धोक्याचं, कार्ड मिळालं. त्याआधी लाल, म्हणजे जास्त धोक्याचं होतं, ते ग्रामपंचायतीत कुठे लावलेलंही नव्हतं. हिरवं मिळालं नाही ते विहिरीमुळे: भोवतालचा ओटा फुटलाय आणि जवळच उकिरडा आहे. सलग पाच वर्षं हिरवं टिकलं तर चंदेरी कार्ड मिळतं, पण आम्हाला आधी तो उकिरडा हलवायचाय. मालक म्हणतो, खत शेतात गेलं की जागा मोकळी करतो. ग्रामपंचायतीने त्याला लेखी नोटीस दिली आहे आणि तिची पोच माझ्या फाईलला आहे.