हिमालय सोडून रिसी शिखरावर कशाला?

पुण्याला गेले की हा प्रश्न येतोच. सह्याद्रीत एकत्र भटकलेले जुने मित्र विचारतात, नातेवाईक विचारतात, आणि हल्ली पोलंडच्या क्राकुव शहरात नोकरीसाठी नव्याने आलेली मराठी मुलंही विचारतात: हिमालय आपला असताना तू त्या तात्रा पर्वतात जाऊन रिसी हा अडीच हजार मीटरचा डोंगर पुन्हा पुन्हा का चढतेस? अडीच हजार म्हणजे मनालीच्या जरा वर. तिथे तर लोक लग्नानंतर फिरायला जातात.

प्रश्न रास्त आहे, म्हणून उत्तर नीट देते.

रिसी पोलंड आणि स्लोव्हाकियाच्या सीमेवर आहे. कार्पेथियनची रांग मध्य युरोपातून मोठी कमान करत रोमानियापर्यंत जाते, आणि तिचा सर्वांत उंच तुकडा म्हणजे तात्रा. रिसीला तीन माथे आहेत. वायव्येचा माथा २,४९९ मीटरचा, तो पोलंडमधली सर्वांत उंच जागा. मधला जेमतेम दोन मीटरने जास्त, तो मात्र अख्खा स्लोव्हाकियात. सगळ्या कार्पेथियनचा राजा गेरलाख, २,६५५ मीटरचा, तिथून समोरच दिसतो. पण त्याच्यावर आखलेली वाट नाही, परवाना असलेला वाटाड्या घ्यावा लागतो. आपल्यासारख्या पायी चालणाऱ्या माणसाला तात्रात आखलेल्या वाटेने जास्तीत जास्त उंच जाता येतं ते रिसीवरच.

आता उंचीचं बघू. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर. तात्रा आहे ४९ अंश उत्तरेला, आणि तिथे साधारण दीड हजार मीटरलाच उंच झाडं संपतात. म्हणजे कळसूबाईच्या माथ्याएवढी उंची गाठायच्या आत जंगल मागे पडलेलं असतं. पुढे कमरेपर्यंत येणाऱ्या, जमिनीला धरून वाढणाऱ्या बुटक्या पाइनचं रान लागतं. ते विरळ होत जातं, मग थोडं गवत, आणि दोन हजारांच्या वर नुसता ग्रॅनाइट. हिमालयात देवदारापासून नुसत्या दगडापर्यंत पोचायला कित्येक दिवसांची चाल लागते. इथे सकाळी स्प्रूसच्या झाडांच्या सावलीतून निघालेला माणूस दुपारच्या आत अशा जागी असतो, जिथे ऑगस्टातही बर्फ भुरभुरू शकतो. उंचीचा आकडा हा समुद्रसपाटीपासूनचा हिशेब आहे. डोंगर किती रांगडा आहे ते त्यावरून कळत नाही. तो पृथ्वीवर कुठे उभा आहे, हेही विचारावं लागतं.

रिसीला दोन वाटा आहेत. पोलंडच्या बाजूने मोर्स्क्ये ओको तळ्यापर्यंत आधी सुमारे नऊ किलोमीटर डांबरी रस्ता तुडवायचा, मग वरचं काळं तळं, चार्नी स्ताव, आणि तिथून जवळजवळ उभा चढ. साखळ्या पुष्कळ, उतार निसटता. या वाटेचं रूप देखणं आहे, पण मला प्रिय आहे ती दक्षिणेची, स्लोव्हाकियाची वाट. श्त्रब्स्के प्लेसोपर्यंत रेल्वे जाते. तिथून सव्वा तासात पोप्रादस्के प्लेसो हे तळं येतं, आणि तिथून खरी चढण सुरू होते. वाटेवरच्या पाट्यांवर किलोमीटर नसतात, तास आणि मिनिटं असतात, आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघतात. दगडांवर, झाडांवर दोन पांढऱ्या पट्ट्यांमध्ये एक रंगीत पट्टा रंगवलेला असतो. आपल्याकडे कारवीत वाट चुकून तास तास घालवलेल्या माणसाला या पट्ट्यांचं मोल सांगायला नको. ही निगा पिढ्यान्पिढ्या कुणीतरी राखली आहे, दरवर्षी कुणीतरी रंगाचा डबा घेऊन चढतं.

तळं सोडल्यावर थोड्याच वेळात वाट फुटते, आणि त्या फाट्याच्या जवळ सामान रचून ठेवलेलं असतं. पाण्याच्या बाटल्या, सरपण, डब्यांची खोकी, जे काही वर हवं असेल ते, छोट्या छोट्या ओझ्यांमध्ये बांधलेलं. वर २,२५० मीटरवर रिसीखालचा निवारा आहे, १९३३ साली बांधलेला, तात्रातला सर्वांत उंच. तिथे गाडीरस्ता नाही, रोपवे नाही. रोजचं सामान माणसांच्या पाठीवरून जातं. ज्याला जमेल त्याने फाट्यावरचं एक ओझं उचलायचं, वर नेऊन द्यायचं, आणि बदल्यात गरम चहा घ्यायचा. सक्ती नाही, पहारा नाही, सही-शिक्का नाही. मी दर वेळी उचलते. सॅकमध्ये चार-पाच किलोंची भर पडली की चाल बदलते, पावलं आपोआप आखूड होतात, आणि बोलणं बंद होतं.

पण ही हौशी ओझी. खरे हमाल वेगळेच. एकदा साखळ्यांच्या खाली दम खात बसले होते आणि असाच एक हमाल खालून आला. त्याच्या पाठीवर लाकडी चौकट, तिच्यावर बिअरचं पिंप, गॅसची टाकी, वर भाज्यांची खोकी, सगळं दोरीने आवळलेलं, डोक्याच्याही वर हातभर. ही माणसं साठ-सत्तर किलो सहज नेतात. पाय कुठे टाकायचा हे तो बघतही नव्हता, पायांनाच ठाऊक होतं. एका पुढे आलेल्या दगडाशी तो पाठमोरा झाला, चौकटीचा बूड त्या दगडावर टेकवला, पट्टे न काढताच दोन मिनिटं वजन दगडाला दिलं, कपाळ पुसलं आणि निघाला. चौकटीची खालची फळी घासून घासून गुळगुळीत झाली होती. आपल्या गडांवर उन्हातान्हात ताकाचे हंडे घेऊन चढणाऱ्या मावश्यांची मला त्या क्षणी तीव्र आठवण झाली. डोंगरावरचा चहा आणि डोंगरावरचं ताक यांची किंमत कुणाच्या तरी मणक्याने मोजलेली असते. म्हणून त्या निवाऱ्यातल्या चहाबद्दल कुणी ‘महाग आहे’ म्हणालं की मला खरोखर राग येतो.

फाट्यानंतर वाट वळणं घेत झाब्ये नावाच्या तळ्यांपाशी चढते. त्यांच्या वर कातळाचा टप्पा आहे. इथे साखळ्या आणि लोखंडी पायऱ्या ठोकल्या आहेत. कळसूबाईच्या शिड्या चढलेल्या माणसाला त्यांची भीती वाटायचं कारण नाही, पण फरक दगडाचा आहे. आपला बेसॉल्ट काळा, पावसाने शेवाळलेला, कधी कधी हातात निघून येणारा. इथला ग्रॅनाइट करडा आणि खरखरीत. जवळून बघितलं तर त्यातले पांढुरके, चकाकणारे कण वेगवेगळे दिसतात, आणि त्यावर पिवळट हिरव्या दगडफुलाचे काळ्या कडेचे ठिपके, नकाशावरच्या देशांसारखे. कोरडा असताना तो बुटाला असा धरतो की साखळीला हात लावावासा वाटत नाही. ओला झाला की मात्र तीच दगडफुलं पाय सरकवतात. सकाळी साखळी इतकी गार असते की हातमोजे लागतात. ऑगस्टमध्ये इथे रांग लागते. रांगेत घाई करणाऱ्याला कुणी रागावत नाही, फक्त सगळे बाजूला होऊन त्याला जाऊ देतात.

निवारा, मग वाहा खिंड, २,३३७ मीटर. खिंडीत वारा पहिल्यांदा पलीकडून अंगावर येतो. पुढचा अर्धा-पाऊण तास मोठमोठ्या दगडांवरून हातापायांनी चढायचं, आणि मग अचानक पुढे चढ उरत नाही.

माथ्यावर काय दिसतं ते सांगणं मला कधीच नीट जमणार नाही. दक्षिणेला व्हिसोका शिखर, आग्नेयेला गेरलाख, पश्चिमेला सुळक्यांच्या धारा एकामागे एक. उत्तरेला कडा एकदम तुटतो आणि खाली दोन तळी, एकाच्या खाली एक, चार्नी स्ताव आणि मोर्स्क्ये ओको. मोर्स्क्ये ओकोच्या परिसरावरून ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यातल्या गॅलिसिया (आजचा दक्षिण पोलंड ज्यात होता तो प्रांत) आणि हंगेरी यांच्यात वर्षानुवर्षं भांडण चालू होतं, ते १९०२ मध्ये ग्राझ शहरात बसलेल्या लवादाने गॅलिसियाच्या बाजूने मिटवलं. तेव्हा पोलंड नावाचा देश नकाशावर नव्हताच. आज दोन माथ्यांच्या मधून चार पावलं टाकली की देश बदलतो, आणि डिसेंबर २००७ पासून कुणी पासपोर्टही विचारत नाही. पोलिश माथ्यावर शाळकरी मुलं फोटो काढतात, आजोबा फोटो काढतात, कुणी कुणी डोळे पुसतं. १८९९ च्या उन्हाळ्यात मारी क्युरी पती पियेरसोबत इथे चढून आल्या होत्या. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी शोधलेल्या मूलद्रव्याला त्यांनी नकाशावर नसलेल्या आपल्या देशाचं नाव दिलं होतं: पोलोनियम. मला हे दोन्ही एकत्र आठवल्याशिवाय त्या माथ्यावर उभं राहता येत नाही.

आणि आता हिमालय. ज्या देशात सर्वांत उंच जागा २,४९९ मीटर, त्याच देशाच्या गिर्यारोहकांनी एव्हरेस्ट पहिल्यांदा हिवाळ्यात सर केलं. १७ फेब्रुवारी १९८० रोजी लेशेक चिखी आणि क्शिश्तोफ व्येलित्स्की माथ्यावर होते, मोहिमेचे नेते आंजेय झावादा. आठ हजार मीटरवरच्या चौदा शिखरांपैकी दहांवर हिवाळ्यात पहिल्यांदा पोचलेल्यांत पोलिश आहेत. वांदा रुत्किएविच १९७८ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली पोलिश व्यक्ती, पुरुष-बाई दोघांत, आणि १९८६ मध्ये केटूवर पोचलेली जगातली पहिली स्त्री. ही मंडळी हिवाळा शिकली ती तात्रात. झावादांनी १९५९ च्या हिवाळ्यात साथीदारांसह तात्राची अख्खी धार पार केली होती. हिवाळ्यात एव्हरेस्टवर माणूस जगू शकतो ही कल्पना अशाच माणसाला सुचू शकते, ज्याने आपल्या छोट्या डोंगराला कधी छोटं समजलेलं नाही. तेव्हा ‘हिमालय सोडून’ असं मला वाटतच नाही. हिमालयात हिवाळ्याचं दार उघडणाऱ्यांची ही तालमीची जागा आहे, आणि मी तिच्या अंगणात राहते.

छोटा न समजण्याचं दुसरं कारणही सांगायला हवं. पोप्रादस्के प्लेसोजवळ, ओस्त्र्वाच्या कड्याखाली, एक प्रतीकात्मक स्मशानभूमी आहे. तिथे कुणाला पुरलेलं नाही. रंगवलेले, कोरलेले लाकडी क्रूस आणि कातळात बसवलेल्या पाट्या आहेत, तात्रात गेलेल्यांच्या. ओताकार श्ताफ्ल या चित्रकाराच्या कल्पनेतून उभी राहिलेली ही जागा १९४० मध्ये खुली झाली, आणि तिचं वाक्य आहे: मृतांच्या स्मरणार्थ, जिवंतांना इशारा म्हणून. जानेवारी २००३ मध्ये रिसीच्या पोलिश उतारावर हिमस्खलनाने एका शाळेच्या गटातले आठ जण गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये तात्रातल्याच गिएवोंत डोंगरावर वीज पडून चार जणांचा जीव गेला; माथ्यावर लोखंडी क्रूस आणि वाटेला साखळ्या, आणि दुपारचं वादळ. म्हणून ढग दाटले की मी वाहा खिंडीतूनही मागे फिरते. माथा अर्ध्या तासावर दिसत असला तरी. बरोबरचा कुणी कुरकुरला तर कुरकुरू देते.

याच्या पुढचा प्रश्न नेहमी एकच असतो: आम्ही आलो तर नेशील का?

नेईन. सप्टेंबरमध्ये या, जुलै-ऑगस्टमध्ये गर्दी असते आणि दुपारी विजा. स्लोव्हाकियाची वाट नोव्हेंबरपासून उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत बंद असते, तेव्हा त्या काळात हट्ट धरू नका. घोट्याच्या वर येणारे बूट आणा, नवे कोरे नकोत, पुण्यात आठवडाभर वापरलेले. वाऱ्या-पावसाचं जाकीट, हातमोजे, कानटोपी, आणि डोंगरातली सुटका धरणारा विमा, कारण स्लोव्हाकियात बचाव पथक आलं की त्याचं बिल येतं. येण्याआधी महिनाभर सिंहगड चढा, पाठीवर पाच किलो घेऊन. आपण उजाडताच श्त्रब्स्के प्लेसोहून निघू, चढायला पाट्यांप्रमाणे साडेचार तास, दुपारी दोनच्या आत साखळ्यांच्या खाली परत. वाटेत भेटेल त्याला ‘दोब्री देन्य’ म्हणायचं. आणि फाट्यावरचं एक ओझं प्रत्येकाने उचलायचं, हे आत्ताच सांगून ठेवते.