सोफ्यामागचा मंगळ

आमच्या सोफ्यावर बसलेला नवा पाहुणा चहा येईपर्यंत मान वळवून मागचं चित्र बघतो आणि हळूच विचारतो, "हा माणूस गेलाय का हो?" गेलेला नाही, झोपलाय. मग जरा चाचरत, "प्रेमाचं चित्र म्हणता, आणि हा झोपलाय?" आणि निघताना, चपला घालता घालता, "पण हॉलमध्ये का लावलंत?" दारात उभं राहून सांगता येईल एवढं छोटं उत्तर माझ्याकडे नाही. तुम्ही विचारलंत म्हणून एकदा बैजवार सांगते.

चित्र सांद्रो बोत्तिचेल्लीचं, ‘व्हीनस आणि मार्स’. फ्लॉरेन्स, साधारण १४८५. मूळ चित्र १८७४ पासून लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. माझी प्रत तिथल्याच दुकानातली, पुठ्ठ्याच्या नळीतून मांडीवर सांभाळत आणलेली. डावीकडे रेललेली व्हीनस, अंगभर पांढऱ्या झुळझुळीत कपड्यांत, टक्क जागी. उजवीकडे युद्धाचा देव मार्स, कमरेवरचं एक फडकं सोडलं तर उघडा, मान मागे टाकून गाढ झोपलेला. आणि मध्ये बकरीच्या पायांची चार पोरं. एकाने मार्सचं शिरस्त्राण घातलंय, त्यात त्याचे डोळेच बुडालेत. भाला तर त्यांनी पळवलाच आहे. एक पोर चिलखतात शिरून मार्सच्या कोपराखालून बाहेर डोकावतंय. आणि एक त्याच्या कानाला शंख लावून गाल फुगेस्तोवर फुंकतंय. शंख! आमच्या सोसायटीत आरतीला कुणी शंख फुंकला तर चौथ्या मजल्यावरचं बाळ उठतं. हा ढिम्म.

"नवरा-बायको आहेत का?" असंही विचारतात. नाहीत. तिचा नवरा व्हल्कन, देवांचा लोहार. होमरच्या ‘ओडिसी’त हा सगळा किस्सा आहे. सूर्याने चहाडी केली, लोहाराने कोळिष्टकासारखं बारीक, डोळ्यांना न दिसणारं जाळं घडवलं, दोघांना पलंगावरच अडकवलं आणि बाकीच्या देवांना बघायला बोलावलं. देव पोट धरून हसले. हे मी सगळ्याच पाहुण्यांना सांगत नाही. काही जणांना "ग्रीक देव आहेत" एवढं पुरतं.

गंमत म्हणजे असं हे लफड्यातलं जोडपं बहुधा कुणाच्या तरी लग्नासाठी रंगवलं गेलं. मूळ फळी ६९ सेंटिमीटर उंच आणि १७३ सेंटिमीटर लांब आहे. असली आडवी चित्रं फ्लॉरेन्सच्या श्रीमंत घरांत बाकाच्या किंवा पेटाऱ्याच्या मागे, खांद्याच्या उंचीवर बसवत. नव्या जोडप्याची खोली सजवायची ती रीतच होती. तेव्हा सोफ्यामागची जागा मी शोधलेली नाही, या चित्राची मुळातली जागा साधारण तीच.

आमच्या फ्रेमवाल्याने पहिल्यांदा उजवीकडची कडा माउंटखाली दाबून टाकली होती. "ताई, नुसत्या माश्या आहेत तिथं," म्हणाला. त्या माश्यांसाठी मी चित्र परत करवून घेतलं. मार्सच्या डोक्याशी झाडाच्या खोडात गांधीलमाश्यांचं पोळं आहे. इटालियनमध्ये गांधीलमाशी म्हणजे ‘व्हेस्पा’, आणि बोत्तिचेल्लीच्या शेजारात राहणारं घराणं व्हेस्पुची. अमेरिकेला ज्याचं नाव मिळालं तो अमेरिगो याच घरातला. चित्र त्यांनीच करवून घेतलं असावं, असा अनेक अभ्यासकांचा कयास आहे. काहींना त्या माश्या म्हणजे नुसते प्रेमाचे डंख वाटतात. मला आडनावाचा विनोद जास्त पटतो. लग्नघरात असले विनोद चालतातच.

आता खरं कारण. माझ्या पत्रिकेत सातव्या घरात मंगळ. पहिलं, चौथं, सातवं, आठवं, बारावं, यांपैकी कुठेही तो बसला की मुलीच्या आईची झोप उडते. माझ्या आईची उडाली. "कडक मंगळ आहे हो," असं म्हणून चांगली स्थळं परत गेली. एका मावशीने तर "अठ्ठावीस उलटू दे, मग उतरतो," असा धीर दिला, जणू तापच आहे. त्या वर्षांत मंगळ मला डोळे वटारून उभा असलेला कुणीतरी तालीमबाज वाटायचा.

मग नॅशनल गॅलरीत हा दिसला. मार्स म्हणजे मंगळच की! आणि व्हीनस म्हणजे शुक्र, फक्त आपल्याकडे तो दैत्यांचा गुरू, पुरुष. बोत्तिचेल्लीच्याच शहरात मार्सिलिओ फिचिनो नावाचा विद्वान होता. प्लेटोच्या संवादावरच्या टीकेत तो ग्रहांबद्दल लिहितो की शुक्र मंगळाचा जोर उतरवतो, मंगळ मात्र शुक्रावर कधी मात करत नाही. चित्र त्यावरूनच काढलंय असं मी म्हणत नाही. पण आमच्या ज्योतिषीबुवांनी शांतीचा खर्च सांगितला तेव्हा हे कुणी सांगितलं असतं तर!

व्हीनसच्या चेहऱ्यावर लोक वैताग वाचतात. नऊ वर्षं रोज केर काढताना बघून मला तो सापडलेला नाही. कधी वाटतं ती त्याला निरखतेय, कधी वाटतं नजर त्याच्यावरून पलीकडे गेलीय. घरातले सगळे झोपल्यावर आपण पाच मिनिटं उगीच बसतो ना, तशी. अंगावर कपडे नीट, हत्यारं पोरांच्या हातात, कुणाला काही द्यायचं-घ्यायचं नाही. प्रेम म्हणून मला हे पुरेसं आहे.

लग्न बत्तिसाव्या वर्षी झालं, बिनमंगळाच्या माणसाशी. तो रविवारी दुपारी याच सोफ्यावर आडवा होतो, मान मागे टाकून. परवा आई आली होती. एकदा वर बघितलं, एकदा खाली. मग मला म्हणाली, "चहा नंतर टाक गं, भांडी वाजवू नकोस."