लाईट गेली, कूलर चालूच

मे महिन्यात आमच्या फैजपुरात पारा ४४-४५ वर जातो आणि नेमकी तेव्हाच लाईट जाते. पहिली दोन वर्षं छतावर सोलर पॅनल होते, बॅटरी नव्हती. लाईट गेली की भर उन्हात सोलरही बंद. आई विचारायची, "सूर्य तर आहे ना रे डोक्यावर?" खांबावर चढलेल्या वायरमनला आपल्या छतावरून गेलेल्या विजेचा धक्का बसू नये, म्हणून ग्रिडला, म्हणजे बाहेरच्या लाइनला जोडलेला इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) स्वतःच थांबतो. हे योग्यच आहे.

यंदा पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५ युनिटची लिथियम बॅटरी घेतली. पॅनलची वीज आधी घराला, उरलेली बॅटरीला, ती भरली की दिल्या-घेतल्या विजेचा हिशोब ठेवणाऱ्या नेट मीटरमधून बाहेर. लाईट गेली की इन्व्हर्टर बाहेरच्या लाइनपासून घर तोडतो आणि बॅटरीवर घेतो. संध्याकाळी बॅटरी ४० टक्क्यांवर आली की तो ग्रिडची वीज घेऊ लागतो. ही मर्यादा मीच ठेवली आहे. रात्री लाईट गेली तर उरलेल्या त्या २ युनिटांवर कूलर, दोन पंखे आणि फ्रिज मिळून चारशे वॅट धरले, तर चार-साडेचार तास निघतात. आईला रात्री कूलर लागतोच.

पाण्याची मोटर मात्र दुपारीच लावतो. एक एचपीची मोटर सुरू होताना क्षणभर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, तो भार एकट्या बॅटरीवर नको.

बॅटरी गच्चीच्या जिन्याखाली बसवा असं फिटर म्हणाला होता. तिथली भिंत संध्याकाळीही तापलेली असते आणि उष्णतेनं बॅटरीचं आयुष्य घटतं. हट्टानं ती उत्तरेच्या खोलीत, धान्याच्या कोठीशेजारी बसवून घेतली.