उजव्या हाताची तर्जनी

कॅलिफोर्नियात पाळणाघर, शाळा किंवा वृद्धांची देखभाल यांपैकी कोणतीही नोकरी धरायची, तर आधी 'लाइव्ह स्कॅन' करावे लागते. दहा बोटांचे ठसे काचेवर घेतले जातात आणि माणसाच्या नावावर गुन्ह्याची नोंद आहे का हे तपासण्यासाठी संगणकातून राज्याच्या न्याय खात्याकडे व तिथून एफबीआयकडे जातात. हे ठसे घेणे हे माझे काम. निकाल मला कधीच दिसत नाही, तो थेट ठसे मागवणाऱ्या संस्थेकडे किंवा खात्याकडे जातो. माझ्या टेबलापर्यंत परत येते ते फक्त ठसे नाकारल्याचे पत्र.

मागच्या हिवाळ्यात एक काकू ते पत्र घेऊन आल्या. साठीच्या, कराडकडच्या, मुलाकडे कायमच्या राहायला आलेल्या. पाळणाघरात मदतनीस म्हणून त्यांची जागा जवळजवळ नक्की झाली होती. पहिल्यांदा आल्या तो शनिवार होता आणि रांग दारापर्यंत गेली होती. "तू मराठीच का रे? मग बरं झालं," म्हणत त्यांनी हात पुढे केला. गावाकडे त्यांनी वर्षानुवर्षे भाकऱ्यांच्या ऑर्डरी केल्या होत्या, इथेही करत होत्या. बोटांची टोके गुळगुळीत झाली होती आणि उजव्या तर्जनीवर तव्याचा चटका बसून साल निघत होती.

ठसा घेणे म्हणजे बोट काचेवर दाबणे, असा लोकांचा समज असतो, आणि आमच्या दुकानाच्या मालकांचाही तोच आहे. प्रत्यक्षात बोट नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत एकाच संथ वळणात फिरवावे लागते. अंगठा माणसाच्या शरीराकडे आणि बाकीची बोटे शरीरापासून दूर, कारण त्या दिशेने हात आपोआप सैल होत जातो. हात सैल नसेल तर ठसा फरकटतो, म्हणून मी लोकांना भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायला सांगतो. झिजलेल्या बोटावर जोर दिला की रेषा चपट्या होतात, मधल्या खाचा बुजतात आणि पडद्यावर नुसता काळा डाग उमटतो. अशा बोटाला थोडे लोशन लावून, तळव्याकडून टोकाकडे चोळत रक्त आणून, जेमतेम टेकवायचे असते. याला वेळ लागतो.

त्या शनिवारी मी तो वेळ दिला नाही. यंत्राने पाच बोटांना कमी दर्जाचा इशारा दिला, पुन्हा घेतल्यावर पुन्हा दिला, आणि शेवटी 'तरीही स्वीकारायचे का' असे विचारल्यावर मी 'हो' दाबत गेलो. भाजलेल्या बोटाच्या माणसाला जखम भरल्यावर बोलवायचे, हे मला पाठ आहे.

दुसऱ्या खेपेला मी अर्धा तास घेतला. सरकारी शुल्क पुन्हा पडत नव्हते, पण मालकांनी आमची फी सोडली नाही आणि काकूंनी ती मुकाट्याने दिली. तर्जनी एव्हाना बरी झाली होती आणि दहांत सर्वांत स्वच्छ ठसा तिचाच आला. बाकीची बोटे मात्र जेमतेम होती. ठसे पुन्हा नाकारले गेले.

दोनदा नाकारल्यावर नावावरून तपास होतो. अर्जात पूर्वीच्या नावांचा रकाना असतो. काकूंनी तो पहिल्या वेळी कोराच ठेवला होता आणि मीही विचारले नव्हते. दुसऱ्या वेळी विचारले तेव्हा कळले, की लग्नात आडनावाबरोबर त्यांचे नावही बदलले होते. "ते नाव आता मला हाक मारायलासुद्धा कुणी राहिलं नाही, ते कशाला?" त्या म्हणाल्या. मी एकेक अक्षर विचारून ते भरले. पासपोर्टवर मधले नाव नवऱ्याचे, जुन्या नावात वडिलांचे. जे काम बोटाने नावाची भानगड न ठेवता करावे, ते शेवटी या चार-पाच शब्दांवर आले.

पहिल्याच दिवशी मी त्यांना आठवड्याने बोलावले असते, तर तर्जनी नीट आली असती आणि बाकीच्यांसाठी मी घाई केली नसती; तरीही ठसे नाकारले गेले असते का, हे मला ठरवता येत नाही. दुसऱ्या खेपेचे ठसे माझ्या परीने उत्तम होते आणि तेही पुरले नाहीत, हे मी स्वतःला सांगतो. पण पहिली संधी मी वाया घालवली नसती, तर तेवढेच उत्तम ठसे पहिल्या खेपेचे ठरले असते आणि हाताशी आणखी एक खेप उरली असती.

महिन्याभराने काकू आमच्याच दुकानातून भारतात पार्सल पाठवायला आल्या. पाळणाघराने थांबून थांबून दुसरी बाई घेतली होती. नावावरच्या तपासाचे काय झाले, हे मी विचारले नाही. पार्सलच्या पावतीवर सही करताना त्यांनी दुसरा हात सवयीने काउंटरवर सैल ठेवला होता आणि त्या कॅलेंडरकडे बघत होत्या.