मोरीने गिळलेलं पाणी

मासे ठणठणीत होते आणि सगळा घोळ तिथूनच झाला.

आषाढातला मंगळवार. गोव्यातल्या साळगावच्या एका जुन्या चिरेबंदी घरात आम्ही बसवलेल्या रीफ टाकीला, म्हणजे जिवंत प्रवाळ आणि माशांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीला, तेव्हा पाच महिने झाले होते. घर राखणाऱ्या काकांचा फोन आला, "बाब, तीं फुलां सगळीं धांपल्यांत. नुस्तें बरें आसा." फुलां म्हणजे प्रवाळ, ते सगळे मिटले होते. टाकीतल्या माशांना ते नुस्तेंच म्हणतात. हजारो रुपयांचा पिवळा टँग मासा असो नाहीतर बाजारातला बांगडा, दोन्ही नुस्तें. पण "नुस्तें बरें आसा" ऐकून मीही निवांत झालो आणि सकाळी जाण्याऐवजी दुपारी गेलो.

टाकीची मापं सांगतो, कारण पुढचं सगळं मापांवरच आहे. दिवाणखान्यात २४० बाय ७५ सेंटिमीटर तळाची, ६५ सेंटिमीटर उंच टाकी, १९ मिलिमीटर काच. काच, पाणी, दगड, स्टँड धरून दीड टनाच्या वर, म्हणून तळमजला. वरच्या लाकडी फळ्यांच्या खोलीत ठेवू या, हा मालकांचा आग्रह पहिल्याच भेटीत मोडून काढावा लागला. भिंतीपलीकडे जुनी न्हाणी, तिच्यात सम्प, म्हणजे टाकीतून उतरणारं पाणी गाळून परत वर पाठवणारी खालची टाकी: १५० बाय ६० बाय ४५. चालू असताना दगड वगळून एकूण पाणी १२०० लिटर. चिलर मागच्या पडवीत, कारण चिलर जेवढी उष्णता पाण्यातून काढतो तेवढी, आणि वर स्वतःची, खोलीत ओततो. त्याला बंद कपाटात कोंडणारे इंटिरियरवाले मी पाहिलेत. मग तो दिवसभर स्वतःशीच भांडत बसतो.

न्हाणी मी निवडली ती मोरीसाठी. सम्पच्या खोलीत मोरी मिळणं म्हणजे या धंद्यात लॉटरी. फेसाबरोबर पाण्यातली घाण काढणाऱ्या स्किमरचा कप उतू गेला, पाणी बदलताना पाइप निसटला, तरी सगळं मोरीत. जमिनीचा लाल कोबाही सुंदर उताराचा, शंभर वर्षांपूर्वीच्या कुणा गवंड्याने काढलेला. पाण्याचा थेंब थांबत नाही.

खारं पाणी आम्ही पाकिटातल्या मिठाचं करतो. "समुद्र दोन कोसांवर असताना मीठ विकत?" हा प्रश्न गोव्यात प्रत्येक मालक विचारतो. पावसाळ्यात मांडवी-झुवारीचं गोडं पाणी मिसळून किनाऱ्याचा खारटपणा कोसळतो, गाळ येतो, वर गावाचं सांडपाणी. दुसरी मागणी असते ग्रँड आयलंडवरून "थोडे जिवंत दगड", म्हणजे प्रवाळ आणि समुद्री जीव चिकटलेले दगड, आणायची. कठीण प्रवाळ आणि समुद्रपंखे २००१ मध्ये वन्यजीव कायद्याच्या अनुसूची १ मध्ये घातलेत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत. ज्याला हे पटत नाही त्याचं काम मी घेत नाही. इथे कोरडा सिरॅमिक दगड, आणि त्यावर मऊ प्रवाळ, सिन्युलारिया आणि सार्कोफायटन, शिवाय त्यांचे भाऊबंद झोॲन्थस आणि डिस्कोसोमा.

दुपारी पोचलो तेव्हा सार्कोफायटनची छत्री सुकल्या आळंबीसारखी आकसली होती. झोॲन्थसचं एकही तोंड उघडं नाही. साफसफाई करणाऱ्या दोन्ही कोळंब्या मेलेल्या, समुद्री साळ्याचे (सी अर्चिनचे) काटे वाळूत गळून पडलेले, गोगलगायी उलट्या. मासे मात्र खायला मागत होते. यातच उत्तर होतं, पण मला अर्धा तास लागला. मासा आपल्या अंगातलं मिठाचं प्रमाण स्वतः सांभाळतो, बाहेर पाणी थोडं पातळ झालं तर त्याला उलट हलकंच वाटतं. कोळंबी, साळा, प्रवाळ यांच्या अंगातलं पाणी बाहेरच्या पाण्याबरोबर चालतं. ज्या टाकीत फक्त बिनकण्याचे जीव मरतात तिथे आधी खारटपणा बघावा आणि पाठोपाठ तांबं.

तापमान २६.१. खारटपणा मोजणाऱ्या रिफ्रॅक्टोमीटरमध्ये थेंब टाकला: हजार भागांत २९ भाग मीठ. हवे ३५. पहिला संशय अर्थातच उपकरणावर. पुष्कळ जण रिफ्रॅक्टोमीटर साध्या आरओ पाण्यावर शून्याला लावतात आणि ३५ ला तो एक-दोन अंकांनी चुकू शकतो. माझ्याकडे ३५ चं प्रमाण द्रावण असतं, त्यावर तपासला. बरोबर. पुन्हा २९. अल्कलिनिटी, म्हणजे पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद, ८.४ ची ६.९, कॅल्शियम ४२५ चं ३५०. तिन्ही आकडे एकाच प्रमाणात उतरलेले, साधारण सतरा टक्के. प्रवाळ कॅल्शियम खातो तेव्हा मीठ कमी होत नाही. म्हणजे कुणी काही खाल्लेलं नव्हतं, सगळंच पातळ झालं होतं. दोनशेहून जास्त लिटर खारं पाणी बाहेर गेलं होतं आणि तितकंच गोडं आत आलं होतं.

आणि टाकीत, सम्पमध्ये, पातळी अगदी रेघेवर.

मी काकांवर घसरलो. पाणी बदललंत का, मीठ न घालता ओतलंत का, खरं सांगा. त्यांनी बालदीलाही हात लावला नव्हता. हे आठवलं की अजून कानकोंडं होतं.

शोध लागला तो मिठाच्या रेघेमुळे. सम्पच्या मोरीकडच्या कोपऱ्यावर बाहेरून पांढरा ओघळ वाळला होता आणि स्टँडच्या खालच्या पाइपावर मिठाची पापडी. तो कोपरा बाकीच्यांपेक्षा तीन मिलिमीटर खाली आहे. मी रिटर्न पंप, म्हणजे सम्पमधलं पाणी टाकीत चढवणारा पंप, बंद केला आणि मोबाइलवर घड्याळ लावून उकिडवा बसलो.

लाईट जाऊन पंप बंद झाला की काय व्हायला हवं ते आधी सांगतो. टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या, म्हणजे वरचं पाणी सम्पकडे सोडणाऱ्या डब्याच्या, दातेरी पट्टीपर्यंत उतरतं: दीड सेंटिमीटर, एका सेंटिमीटरला १८ लिटर, म्हणजे २७ लिटर. पाइप आणि ओव्हरफ्लोचा डबा मिळून आणखी २५. असे ५२ लिटर सम्पमध्ये येतात. सम्प २४ सेंटिमीटरवर चालतो, वर २१ मोकळे, दर सेंटिमीटरला ९ लिटर, म्हणजे १८९ लिटरची जागा. मजाच मजा. उतरणीचे तीन पाइप मी नेहमी एकाच पद्धतीने लावतो. पहिला व्हॉल्व्हने आवळून पूर्ण भरून वाहणारा, त्यामुळे आवाज शून्य. दुसऱ्यातून जेमतेम धार. तिसरा कोरडा, वरचे दोन तुंबले तरच जागा होणारा. या मांडणीत दिवाणखान्यात माणसांची कुजबुजही ऐकू येते, आणि त्याचा मला अभिमान आहे.

पण पाणी वर नेणारा पाइपही पंप बंद पडल्यावर उलटा वाहतो. टाकीतल्या त्याच्या नोझलचं तोंड पाण्यात बुडालेलं असतं, ते उघडं पडेपर्यंत सायफन चालूच. यावर उपाय म्हणून पाइपला पाण्याच्या पातळीच्या जरा खाली ६ मिलिमीटरचं भोक पाडतात. पाणी भोकाखाली गेलं की हवा आत शिरते, सायफन तुटतो. चेक व्हॉल्व्ह मी लावत नाही. त्याच्या पडद्यावर एक खडा बसला की तो असून नसल्यासारखा, आणि मालक मात्र त्याच्या भरवशावर झोपतात.

भोकाच्या भरवशावर मी झोपलो होतो. भोक बुजलं होतं. आत व्हर्मेटिड म्हणजे नळीत राहणारी गोगलगाय, तिच्या चुन्याच्या नळीवर गुलाबी कोरलाइन शेवाळाचा लेप. प्रवाळाच्या एखाद्या तुकड्यासोबत आली असणार. पाच महिन्यांत बूच घट्ट. टाकी सुरू करताना पंप बंद-चालू करून तीनदा पाहिलं होतं, तेव्हा पाइप नवा कोरा.

नोझलं पट्टीच्या ९ सेंटिमीटर खाली होती. वर ठेवली तर हवा ओढून फुरफुरतात, म्हणून मीच खाली घेतली. ९ गुणिले १८, १६२. अधिक ५२. सगळे मिळून २१४ लिटर खाली, जागा १८९. साडेचार मिनिटांनी पाणी त्या कोपऱ्यावरून उतरायला लागलं, काचेला चिकटून, बिनआवाज. कोब्यावरून ओळ धरून मोरीत. २५ लिटर गेले आणि दोन मिनिटांत जमीन नुसती ओलसर. पावसाळ्यात न्हाणी ओलसर असणारच.

पंप चालू केला. टाकी वरपर्यंत भरली, सम्पच्या पंपाच्या कप्प्यात २५ लिटरची तूट पडली, आणि ऑटो टॉप-ऑफने, म्हणजे बाष्पीभवनाची तूट गोड्या पाण्याने भरणाऱ्या यंत्राने, सहा-सात मिनिटांत ती इमानदारीत भरून काढली. त्याचा दहा मिनिटांचा सुरक्षा-कटऑफ लागायचा प्रश्नच आला नाही. पुन्हा पातळी रेघेवर. पुढच्या लाईट जाण्याची तयारी पूर्ण.

याचं गणित क्रूर आहे. प्रत्येक वेळी १२०० तले २५ लिटर खारं जातं, २५ गोडं येतं. नऊ वेळा असं झालं की ३५ चे २९ होतात. मी काकांना विचारलं, रविवारपासून लाईट किती वेळा गेली? "णव-धा फावटीं." झावळ्या तारांवर पडत होत्या. टाकीत लाटा उठवणारे वेव्हमेकर पंप इन्व्हर्टरवर होते, त्यामुळे प्राणवायूची सोय झाली. रिटर्न पंप इन्व्हर्टरवर घेतला असता तर बॅटरी दुप्पट लागली असती, म्हणून तो सोडला होता.

यात एक दुवा उरतो आणि त्यावर मी अजून घुटमळतो. टॉप-ऑफची गोड्या पाण्याची टाकी मी मुद्दाम ४० लिटरची ठेवली होती. सगळं बिघडलं तरी आत जास्तीत जास्त ४० लिटर गोडं जाईल: ३५ चे ३३.८. मग पंप कोरडा पडून गुरगुरतो आणि घरातलं माणूस फोन करतं. पण पावसाळ्यातही रोज आठ-दहा लिटर वाफ होते, काकांना दर चार दिवसांनी टाकी भरावी लागायची. मालकांच्या प्लंबरने आरओची नळी फ्लोटव्हॉल्व्हने थेट त्या टाकीला जोडून दिली. काम देखणं, एक गळती नाही. दिवसाला २८० लिटर देणारा आरओ मागे उभा राहिला आणि ४० लिटरची मर्यादा संपली. मला कुणी सांगितलं नाही, कारण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणालाच वाटलं नाही. त्या प्लंबरला मी दोष देत नाही. मालकांना थोडा देतो. लाखांची टाकी, आणि चार दिवसांनी दोन बालद्यांचा कंटाळा.

माझ्या वहीत मात्र मांडणीच्या पानावर दोन आकडे शेजारी शेजारी आहेत: २१४ आणि १८९. वजाबाकी केलेली, २५. पुढे माझ्याच अक्षरात: "भोक आहे. नाहीतर मोरी आहे."

खारटपणा एकदम चढवायचा नसतो. दिवसाला एक अंक. रोज १०० लिटर काढले आणि त्या क्षणी टाकीत जेवढं असेल त्याहून १२ जास्त खारं, म्हणजे पहिल्या दिवशी ४१ चं, १०० लिटर सम्पमध्ये तासाभरात सोडलं. दुसऱ्या दिवशी ४२ चं. सहा दिवसांत ३५. कॅल्शियम आणि अल्कलिनिटी त्याच मिठाबरोबर वर आली, वेगळी पावडर टाकायचा मोह आवरला. पाचव्या दिवशी सिन्युलारियाची बोटं उघडली. सार्कोफायटनने मेणचट कात टाकली आणि दहाव्या दिवशी पिसारा काढला. झोॲन्थसची एक वसाहत विरघळली ती विरघळलीच.

दुरुस्ती अशी: नोझलं वर घेऊन पट्टीच्या फक्त ३ सेंटिमीटर खाली. आता सगळी भोकं बुजली तरी ५४ आणि ५२, १०६ लिटर, आणि जागा १८९. भोकं दोन, ८ मिलिमीटरची, दिसतील अशा जागी. नोझलं थोडी फुरफुरतात. मालकांना सांगितलं, फुरफुरू दे. आरओची नळी कापून टोपण लावलं. आणि दर संकष्टीला काका भोकांत बांबूची काडी फिरवतात, पंप पाच मिनिटं बंद करतात, सम्पवरच्या तांबड्या रेघेखाली पाणी थांबतं का बघतात. तारीख दिली असती तर विसरले असते, संकष्टी विसरत नाहीत.

मोरीचा प्रश्न तसाच आहे. ती नसती तर रविवारी रात्रीच न्हाणीतून २५ लिटर पाणी दिवाणखान्यात आलं असतं, आरडाओरडा झाला असता, आणि कोळंब्या वाचल्या असत्या. ती नसती तर स्किमर कधी उतू गेला असता त्या दिवशी शंभर वर्षांचा कोबा भिजला असता. सध्या मोरीच्या तोंडाभोवती दोन सेंटिमीटरचा सिमेंटचा काठ घातलाय आणि काठाच्या आत नाही, बाहेर, पाणी लागलं की किंचाळणारा सेन्सर ठेवलाय. पहिल्या आठवड्यात काकांनी लादी पुसताना तो तीनदा किंचाळला. चौथ्या वेळी मी गेलो तेव्हा तो खिडकीत, कोरडा, नीट पुसून ठेवलेला होता.

परत खाली ठेवला. पर्वरीच्या नव्या कामाच्या ड्रॉइंगवर मोरी एकदा काढून खोडली आहे, पुन्हा काढली आहे.